रेटाट्रुटाइड पाच महिने घेतलं, वजन उतरलं, तरी परत घेणार नाही

मी गोव्यात डिचोलीला राहते, वय 39, सुरुवातीचं वजन 94 किलो. 2025 च्या एप्रिल ते सप्टेंबर रेटाट्रुटाइड या वजन उतरवायच्या औषधाचं इंजेक्शन घेतलं, आठवड्यातून एकदा, पोटावर, स्वतःच टोचून. लिहायला इतका उशीर झाला कारण घरातच कोणाला नीट माहीत नव्हतं. पण आता जिममध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत पण 'रेटा घे, रेटा घे' ऐकू येतंय, म्हणून सगळं सांगून टाकते.

आधी खरं ते. वजन उतरलं, 94 चं 78 झालं. समोर शीत नि बांगड्याचं हुमण असलं तरी चार घासांत पोट भरायचं, आणि डोक्यात दिवसभर जे खायचं चाललेलं असतं ना, ते एकदम बंद झालं. लहानपणापासून जाडी म्हणून ऐकत आलेल्या बाईला ती शांतता काय वाटते ते सांगून कळायचं नाही. म्हणूनच बाकी जे काय होत होतं त्याकडे मी डोळेझाक केली.

मौंजारो हे वजन उतरवायचं मंजूर इंजेक्शन तेव्हा नुकतंच, मार्च 2025 ला भारतात आलेलं. 2.5 मिग्रॅची एक वायल, म्हणजे छोटी बाटली, तेव्हा 3,500 रुपयांना, आठवड्याला एक लागायची, म्हणजे महिन्याचे चौदा हजार आणि डोस वाढला की अजून. परवडणारं नव्हतं. जिममधला एकजण म्हणाला मौंजारो दोन हार्मोनवर चालतं, रेटा तीनवर, जीएलपी-1, जीआयपी आणि ग्लुकागॉन, शिवाय स्वस्त. मोबाईलवर 2023 चा अभ्यास दाखवला, 48 आठवड्यांत वरच्या डोसवर सरासरी 24 टक्के वजन कमी. अभ्यास खराच आहे, नंतर मी वाचला. पण त्यात 338 माणसं होती, त्यांना एलाय लिली कंपनीने स्वतः बनवलेलं औषध दिलेलं, डोस पायरीपायरीने वाढवलेला, रक्त नि नाडी तपासत. मला मिळाली ती बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, तळाला पांढरी पावडर, आणि लेबलवर 'फॉर रिसर्च यूज ओन्ली', म्हणजे फक्त संशोधनासाठी. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही. कसं असणार, हे औषध तेव्हा कुठल्याच देशात मंजूर नव्हतं, ट्रायल, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या, चालू होत्या, मेडिकलमध्ये मिळायचा प्रश्नच नाही. शुद्धता 99 टक्के म्हणून विकणाऱ्याने एक पीडीएफ पाठवली होती. ती माझ्याच बाटलीची होती का, आतलं पाणी-पावडर निर्जंतुक होतं का, हे तेव्हा सुचलंच नाही. आकडे त्यांच्या औषधाचे आणि टोचत होते मी भलतंच काहीतरी, एवढी साधी गोष्ट पण तेव्हा डोक्यात आली नाही.

जूनमध्ये पाऊस लागला नि एका रात्री लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फ्रीजमधली मासळी खराब झाली ते वासावरून कळलं, टाकून दिली. दह्याच्या भांड्यामागे लपवलेली बाटली मात्र दिसायला होती तशीच होती. विचारणार कोणाला? त्या आठवड्यालाही टोचलं.

सगळ्यात वाईट जुलैमध्ये झालं. पावडरीत पाणी घालून इन्सुलिनच्या सिरिंजने युनिट मोजायची असतात, नवीन बाटलीत मी नेहमीच्या निम्मंच पाणी घातलं आणि युनिट मात्र नेहमीएवढीच ओढली. म्हणजे डबल डोस. रात्री अकराला उलटी सुरू झाली ती दोन दिवस, पेज पण पोटात राहीना. नवऱ्याला वाटलं मासळी बाधली. दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, कसली औषधं चालू आहेत का, मी म्हटलं नाही. नवरा बाजूलाच उभा होता हो माझी चप्पल हातात धरून, आणि मी नाही म्हटलं.

ऑगस्टपासून कातडीचं सुरू झालं. मांड्यांवर नि पाठीवर पुरळ नाही, लाली नाही, पण आंघोळीचं कोमट पाणी पडलं तरी उन्हात भाजल्यासारखी आग, कुर्त्याचं कापड पण सहन होईना. वाटलं साबण बदलून बघू. मग डिसेंबरात कंपनीने गुडघेदुखी असलेल्या लठ्ठ लोकांवरच्या मोठ्या ट्रायलचे आकडे सांगितले, त्यात सर्वात वरच्या डोसवर साधारण पाचातल्या एकाला असा स्पर्शाचा त्रास झालेला. नाडी बसल्या बसल्या 98 असायची, नाडी वाढते हेही त्या 2023 च्या अभ्यासात लिहिलेलंच आहे. चवथीला माहेरी गेले तर आईने नेवऱ्या नि खतखतं वाढलं, मी अर्धी नेवरी खाल्ली. आई काही बोलली नाही, फक्त माझ्या भांगातून हात फिरवला, केस तेव्हा हातात येत होते.

सप्टेंबरात उजव्या फासळीखाली रात्री अशी कळ आली की श्वास घेववेना. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे. या वेळी डॉक्टर मॅडमना बाटलीच नेऊन दाखवली. ओरडतील असं वाटलेलं, पण त्यांनी लेबल वाचलं, फोटो काढला, केसपेपरवर लिहिलं आणि नवऱ्याला बाहेरून आत बोलावलं. त्यांनी सांगितलं की वजन इतकं झपाट्याने उतरलं की खडे होऊ शकतात, या जातीच्या औषधांनी पण तो धोका वाढतो, आणि ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्याला हे सांगितलंच पाहिजे, कारण पोट हळू रिकामं होतं, उपाशी राहिलं तरी अन्न आत असू शकतं आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकतं. हे ऐकून माझे हातपाय गार पडले. मी तर कोणालाच सांगणार नव्हते ना.

पित्ताशय काढलं ऑक्टोबरात. इंजेक्शन बंद केल्यावर महिनाभरात भूक परत आली, वजन आता 85 आहे, नाडी 74, कातडीची आग गेली, केस थोडे थोडे येतायत. मॅडमकडे दर महिन्याला जाते, मंजूर असलेलं औषध घ्यायचं का ते आमचं बोलणं चालू आहे, थायरॉईडची नि घरच्या आजारांची सगळी विचारपूस करून. खर्च होईल, पण निदान काय टोचतेय ते कळेल.

न फोडलेल्या दोन वायल उरल्या होत्या. ऑफिसातल्या एकीने मागितल्या, पैसे देते म्हणाली, दिवाळीला भाचीचं लग्न आहे म्हणाली. मी दिल्या नाहीत, मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि तिला म्हटलं गुरुवारी माझी अपॉइंटमेंट आहे, चल माझ्याबरोबर. ती रागावली आहे, डबा पण वेगळा खाते. गुरुवारी सकाळी परत विचारणार आहे तिला.