शिरपूरच्या अलीकडचा ढाबा: जेवण, मैदान आणि तीन वाजताची हाक

पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून दिल्लीच्या आझादपूर मंडईकडे निघालेल्या चालकाचा पहिला मुक्काम बहुधा धुळे आणि शिरपूर यांच्या दरम्यान पडतो. गाडी भरून, काट्यावर वजन करून आणि ताडपत्री बांधून बाहेर पडेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजतात. चांदवड, मालेगाव आणि धुळे मागे टाकून पुढे येईपर्यंत रात्रीचे दहा होतात आणि शिरपूर, पळासनेर ओलांडले की सातपुड्यातला बिजासनचा घाट समोर उभा राहतो. पेंगुळलेल्या डोळ्यांनी हा घाट चढू नये, असे जुना चालक नव्याला पहिल्याच फेरीत बजावतो. त्यामुळे घाटाच्या आधी पोटभर जेवण, चार-पाच तासांची झोप आणि गाडीला निर्धास्त जागा जिथे मिळेल, असा ढाबा शोधणे हा या मार्गावरच्या धंद्याचाच एक भाग आहे. मी या रस्त्यावर एकोणीस वर्षे दहा चाकी गाडी चालवत आहे आणि गेली सहा वर्षे एकाच ढाब्यावर थांबतो. हा अभिप्राय त्या ढाब्याविषयी आहे.

ढाब्याचे नाव मात्र देत नाही. मालकांना विचारले, तेव्हा त्यांनी हात जोडले. मैदानात चाळीस गाड्या मावतात आणि कांद्याच्या हंगामात आताच पंचेचाळीस येतात, तेव्हा कृपा करून लिहू नका, असे त्यांचे म्हणणे पडले. नेहमीच्या मंडळींना पुढच्या वर्णनावरून जागा ओळखू येईलच.

जेवणापासून सुरुवात करतो, कारण लोक आधी तेच विचारतात. खानदेशातल्या ढाब्यावर शेवभाजी मागवायची नाही, तर मग मागवायचे तरी काय? येथील शेवभाजीचा रस्सा भाजलेला कांदा, सुके खोबरे आणि काळा मसाला यांचा असून जाड शेव ताटात वेगळी देतात. हे मला विशेष आवडते. शेव आधीच रश्श्यात टाकली की ती फुगून लगदा होते आणि खाणाऱ्याला शेवभाजीऐवजी पिठले खाल्ल्याचा भास होतो. रात्री अकरापर्यंत चुलीवरची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मिळते. त्यानंतर भाकऱ्या थापणाऱ्या मावशी घरी जातात आणि तंदुरी रोटीवर भागवावे लागते. हिवाळ्यात हिरव्या वांग्यांचे भरीत असते आणि ते संपले की संपले, म्हणून थंडीत शक्यतो दहाच्या आत पोहोचावे. डाळ साधारण आहे. चहा मात्र इतका गोड असतो की ‘साखर कमी’ असे दोनदा सांगूनही उपयोग होत नाही; सहा वर्षांत मला फिका चहा एकदाच मिळाला आणि तोही बहुधा साखर संपली होती म्हणून. तर्रीचे तेवढे सांभाळावे. रात्री पुढे गाडी हाकायची असेल, तर तेलाचा तवंग पोटात गेल्यावर तासाभरात डोळे जड होतात, म्हणून मी तर्री काढून ठेवायला सांगतो आणि आचारी कपाळाला आठ्या घालून का होईना, ती काढून ठेवतो.

पण केवळ जेवणासाठी कोणी सहा वर्षे एकाच ठिकाणी थांबत नाही. चांगली शेवभाजी धुळ्यापासून सेंधव्यापर्यंत दहा ठिकाणी मिळेल. या ढाब्याचा खरा गुण त्याच्या मैदानात आहे. ते रस्त्यापासून बरेच आत आणि सपाट असून गाडी तोंड रस्त्याकडे करून लावता येते. त्यामुळे पहाटे निघताना मागे घेण्याची कसरत करावी लागत नाही आणि क्लीनरला अंधारात गाडीमागे उभे राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ असे ओरडावे लागत नाही. चारही कोपऱ्यांत दिवे आहेत आणि ते रात्रभर चालू असतात. हे लिहिण्याचे कारण असे की दिवे लावलेले असणे आणि ते चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला अनुभवाने कळते.

कांद्याच्या गाडीला राखणीची गरज इतर मालापेक्षा जास्त असते. भरलेला कांदा आतून तापतो आणि त्याला हवा लागली नाही, तर दिल्लीला पोहोचेपर्यंत मधल्या गोण्यांना पाणी सुटते. म्हणून मुक्कामाच्या वेळी ताडपत्रीच्या कडा सैल करून वर दुमडाव्या लागतात, म्हणजेच चोराला वाट मोकळी करून द्यावी लागते. शिवाय डिझेल, बॅटरी आणि स्टेपनी यांचा घोर असतोच. पाच वर्षांपूर्वी, या ढाब्यावर जागा नव्हती म्हणून, मी दुसरीकडे थांबलो होतो. तेथे मी केबिनमध्ये झोपलेला असताना कोणीतरी टाकीचे कुलूप तोडून साठेक लिटर डिझेल काढून नेले आणि मला पुसटशी चाहूलही लागली नाही. गाडीच्या मालकांनी, म्हणजे शेठजींनी, निम्मे पैसे माझ्या भत्त्यातून कापले. तेव्हापासून मी मुक्कामाची जागा जेवणावरून निवडत नाही.

येथे राखणीला एक वयस्कर गृहस्थ आहेत. त्यांना सगळे आबा म्हणतात. गाडी लागली की ते हातात एक जाड वही घेऊन येतात आणि गाडीचा क्रमांक, येण्याची वेळ, टाकीला कुलूप आहे की नाही आणि उठवायची वेळ असे चार रकाने भरतात. मग एक फेरी मारून प्रत्येक चाकावर काठी आपटतात. हवा भरलेल्या टायरचा टणक आवाज येतो, तर हवा कमी असलेला टायर बदबद वाजतो. जोडचाकांमधले आतले चाक बसले असेल, तर ते वरून दिसत नाही, आवाजावरूनच कळते. गेल्या जानेवारीत आबांनी माझ्या मागच्या डाव्या बाजूचे आतले चाक असेच पकडले आणि मी झोपेपूर्वीच शेजारच्या पंक्चरवाल्याकडून काम करून घेतले. एरवी ते मला घाटात कळले असते.

चौथा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. भ्रमणध्वनीचा गजर आम्ही झोपेतच बंद करतो. आबा ठरलेल्या वेळी केबिनच्या दारावर काठीने दोनदा टकटक करतात, ‘नाना, ऊठा हो, तीन वाजनात,’ असे अहिराणीत म्हणतात आणि उत्तर आले म्हणून निघून जात नाहीत. दार उघडून पाय खाली टेकेपर्यंत ते पाण्याचा तांब्या घेऊन तेथेच उभे असतात. एका चालकाने त्यांच्यावर आरडाओरडा केलेला मी पाहिला आहे. आबांनी शांतपणे वही उघडून त्याने स्वतः सांगितलेली वेळ त्याला दाखवली.

झोपेच्या बाबतीत कायदा आमच्या बाजूने आहे, असे म्हणायला हरकत नाही. मोटार परिवहन कामगारांसाठी 1961 साली झालेल्या कायद्यात दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास कामाची मर्यादा घातलेली होती; नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. प्रत्यक्षात कांद्याच्या गाडीला आझादपूरचा लिलाव गाठायचा असतो, दिल्लीत दिवसा जड वाहनांना प्रवेशबंदी असते आणि बाराशे किलोमीटरांहून अधिक अंतर एका चालकाच्या जिवावर कापायचे असते. अशा वेळी जी झोप मिळेल, ती सलग मिळावी, एवढीच अपेक्षा उरते आणि येथे ती पूर्ण होते.

झोपण्यासाठी पत्र्याच्या शेडखाली वीस-बावीस बाजा आहेत आणि वर पंखे आहेत. पावसाळ्यात डासांमुळे तेथे झोपणे अशक्य होते. मी एप्रिल-मे सोडला, तर केबिनमध्येच झोपतो. 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक झाले आहे, पण माझी गाडी 2019 ची आहे. उन्हाळ्यात तिचे केबिन रात्री बारापर्यंत तव्यासारखे तापलेले असते, तेव्हा त्या बाजा पुरत नाहीत आणि उशिरा येणाऱ्याला ताडपत्री अंथरून जमिनीवर पडावे लागते. मालकांनी आणखी दहा बाजा आणल्या, तर त्यांचा खर्च एका हंगामात निघेल. सरकारी तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावाची चालकांची विश्रामगृहे सुरू केली आहेत. त्यांत खाटा, आंघोळीची सोय आणि स्वतः स्वयंपाक करण्याची जागा असते आणि जेथे ती वाटेत आहेत, तेथे ती जरूर पाहावीत. माझ्या वेळापत्रकात या टप्प्यावर ढाबाच बसतो.

पाणी मुबलक आहे. मोठा हौद, कपडे आपटायला दोन दगड आणि आंघोळीला आडोसा असून कोणी पैसे मागत नाही. शौचालये चार आहेत, त्यांपैकी दोनांच्या कड्या वर्षभर तुटलेल्या आहेत. ही तक्रार मी मालकांच्या कानावर तीनदा घातली आणि तिन्ही वेळा ‘उद्याच करतो’ असे उत्तर मिळाले. स्त्रियांसाठी वेगळी सोय नाही. चालकासोबत कुटुंब असेल, तर दिवसाउजेडी पेट्रोल पंपावर थांबणे बरे.

परतीच्या फेरीत या जागेचा उपयोग वेगळाच असतो. मध्य प्रदेशातून येताना बिजासनचा उतार उतरावा लागतो आणि भरलेल्या गाडीच्या ब्रेकचे ड्रम तापून त्यांतल्या लायनरचा जळका वास केबिनपर्यंत येतो. जुलै 2023 मध्ये पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर वाहनांना धडकून थेट हॉटेलात घुसला होता आणि त्यात दहा किंवा त्याहून अधिक माणसे दगावली. तेव्हापासून मी उताराच्या पायथ्याशी चहालासुद्धा थांबत नाही. खालच्या गिअरमध्ये उतरून सावकाश पुढे येतो, या मैदानात गाडी लावतो आणि तासभर ड्रम आपोआप थंड होऊ देतो. घाईने पाणी मारले, तर ड्रमला तडा जातो. हे क्लीनरला सांगावे लागते, कारण हौद समोरच असतो आणि बादली त्याच्या हाताशी.

दर रास्त आहेत. शेवभाजी, तीन भाकरी, कांदा आणि ताक मिळून मला शेवटच्या फेरीत 190 रुपये पडले. जेवणाऱ्याकडून गाडी लावण्याचे पैसे घेत नाहीत, नुसते झोपायला थांबणाऱ्याकडून 50 रुपये घेतात. जुन्या चालकांची उधारी वहीत लिहून ठेवतात आणि परतीच्या भाड्याचे पैसे आले की ती चुकती होते. एका गोष्टीचा राग येतो. मोबाइलवरून पैसे पाठवून रोख मागितली, तर शंभरामागे दोन रुपये कापले जातात. रस्त्यात हमाली आणि पंक्चरसाठी रोख लागतेच, हे मालकांना ठाऊक असते. शेठजींकडून निघतानाच पुरेशी रोख मागून घ्यावी.

नव्याने जाणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. जून ते सप्टेंबर या काळात भरलेली गाडी मैदानाच्या मागच्या अर्ध्या भागात नेऊ नये. पुढे मुरूम टाकलेला आहे, पण मागे नुसती काळी माती आहे आणि वरून ती कोरडी दिसते. गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर एक गाडी तेथे धुऱ्यापर्यंत रुतली. जेसीबी यायला सकाळचे आठ वाजले आणि त्याचे अडीच हजार रुपये चालकाने भरले. आबांनी त्याला रात्रीच हाताने पुढची जागा दाखवली होती, पण ती जागा हौदाजवळ असल्यामुळे पाण्याच्या आवाजाने झोप येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.