एका क्रियापदासाठी चार रविवार: पुण्यातील स्पॅनिश कार्यशाळेचा अनुभव

डेक्कन जिमखान्याजवळच्या एका लहानशा वर्गात ‘केदार’ या एकाच स्पॅनिश क्रियापदावर चार रविवार सकाळी दोन-दोन तास चाललेली कार्यशाळा मी नुकतीच पूर्ण केली. शुल्क 1,500 रुपये होते. स्पॅनिशच्या डेले या प्रमाणपत्र परीक्षेची ए-2 ही प्राथमिक पातळी उत्तीर्ण झाल्यावरही या क्रियापदाने मला सतत अडवले होते, कारण शब्दकोशात त्याच्यापुढे अर्थांची लांबलचक यादी असते आणि ती पाठ करून बोलताना काहीही आठवत नाही. उच्चार आपल्याकडील केदार या नावासारखाच असून आघात मात्र ‘दार’वर येतो.

शिक्षिकाबाईंनी पहिल्याच दिवशी इंग्रजी अर्थ बाजूला ठेवायला सांगितले आणि फळ्यावर मराठीतले ‘राहणे’ लिहिले. माझ्या मते या कार्यशाळेचे सारे मोल त्या एका निर्णयात आहे. ‘मे केदान दोस दीआस’ म्हणजे मला दोन दिवस राहिले. ‘केदेसे कोन एल काम्बियो’ म्हणजे सुट्टे राहू द्या. एखादे काम करायचे राहिले, तर तिथेही केदार. स्त्री गरोदर राहते, तर तिथेही केदार. आणि एखादी गोष्ट करण्याची इच्छा मनातच राहून जाते, तेव्हा स्पॅनिश माणूस ‘केदार्से कोन लास गानास’ म्हणतो (‘केदार्से’ हे केदारचेच आत्मवाचक रूप). इंग्रजीतून शिकताना हे पाच वेगवेगळे नियम वाटत होते; मराठीतून पाहिल्यावर तो एकच धागा दिसला. 2020 साली टाळेबंदीच्या काळात स्पॅनिश भाषक देशांत सर्वत्र दिसणारे ‘केदाते एन कासा’, म्हणजे घरीच राहा, हे वाक्यही बाईंनी याच ओघात आठवून दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘शांत करणे’ असा होता आणि ‘स्तब्ध’ या अर्थाचा ‘किएतो’ हा शब्द त्याच कुळातला आहे, हे कळल्यावर शांत होणे, थांबणे आणि मग राहणे हा प्रवास आपोआप उलगडला.

वाक्यरचनेचे साम्य तर मला अर्थापेक्षाही मोलाचे वाटते. ‘एस्ता कामीसा मे केदा ग्रान्दे’ याचे शब्दशः मराठी ‘हा शर्ट मला मोठा होतो’ असे आहे: कर्ता शर्ट, आणि माणूस चतुर्थीत. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुले इथे हटकून ‘मी’पासून सुरुवात करतात आणि चुकतात, मीही दोन वर्षे चुकत होतो.

जिथे ‘राहणे’ पुरत नाही, तिथे बाईंनी ते ओढूनताणून बसवले नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. औषधांचे दुकान कुठे आहे हे विचारतानाही ‘दोन्दे केदा’ चालते, पण मराठीत दुकान कुठे ‘राहत’ नाही. आंधळा होणे, विधुर होणे, झोप लागणे यांसाठी ‘केदार्से’ येते आणि तिथे आपल्याला ‘होणे’ किंवा ‘लागणे’ आठवावे लागते. पाहुणा म्हणून रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही, असे आपण म्हणतो. त्या ‘बरे न दिसण्या’ला स्पॅनिशमध्ये ‘केदार माल’ म्हणतात. हे उदाहरण वर्गातील प्रत्येकाला क्षणात पटले.

उणिवा दोन, आणि त्या दूर होण्याजोग्या आहेत. छापील टिपणे जुनीच असून ती सगळी इंग्रजी अर्थांवर बेतलेली आहेत, त्यामुळे घरी अभ्यासाला बसले की वर्गातला धागा तुटतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे: भेटण्याचे ठरवणे हा अर्थ फक्त स्पेनच्या वापरातून शिकवला गेला. माद्रिदमध्ये ‘एमोस केदादो आ लास सिएते’ एवढे म्हटले, की सात वाजता भेटायचे ठरले आहे हे समजते. मेक्सिकोत मात्र ‘केदामोस दे वेर्नोस’, म्हणजे भेटायचे ठरले, असे म्हणण्याची पद्धत रूढ आहे. हिंजवडीत काम करणाऱ्या आमच्यापैकी अनेकांचा रोजचा संबंध मेक्सिकोतील सहकाऱ्यांशी येतो, तेव्हा या अर्थावर निदान अर्धा तास द्यायला हवा होता. मी हे बाईंना शेवटच्या रविवारी सांगितले आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

अगदी नव्याने स्पॅनिश सुरू करणाऱ्यांनी इथे घाई करू नये. भूतकाळाची रूपे येत असतील तरच हे आठ तास सत्कारणी लागतील. बसायला जागा मोजकीच असल्याने आधी नाव नोंदवावे लागते. पुढची तुकडी ‘पोनेर’ या क्रियापदावर आहे आणि मी तिच्यासाठी नाव दिले आहे.