जळगाव-धुळ्यातला तिबेटी स्वेटर बाजार: काय घ्यावं, काय टाळावं

दिवाळी आटोपली की जळगाव-धुळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. एक गोष्ट आधी समजून घ्या: हा माल तिबेटात विणलेला नसतो. बहुतेक लुधियानाच्या होजिअरीतला असतो आणि बराचसा उधारीवर उचललेला. हंगाम संपला की हिशेब चुकता होतो. म्हणून घासाघीस फारशी चालत नाही. भाव मात्र बहुतेक दुकानांत सारखाच असतो, त्यामुळे फसवणुकीची धास्ती कमी. आमच्या मते हीच या बाजाराची मोठी जमेची बाजू.

‘लोकरीचा’ म्हणून विकला जाणारा स्वेटर बहुधा अ‍ॅक्रिलिकचा निघतो. आतल्या शिवणीचा सुटा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीनं पेटवा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून आकसतं, मागे कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही: हलकं, स्वस्त, कसर न लागणारं. पण ते घालून भरीत पार्टीच्या आगीजवळ बसू नका. तुरकाट्यांची एक ठिणगी पडली तरी भोक पडतं, आणि पेट घेतला तर वितळलेला धागा कातडीला चिकटतो. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी भरणाऱ्यानं स्वेटरवर भिस्त ठेवू नये. विणीतून वारा शिरतो, त्यामुळे वरून विंडचीटर हवाच. पहाटे दुचाकीवर जाणाऱ्यांनाही तेच लागू.

घेताना मनगटाची आणि कमरेची पट्टी ताणून सोडा. लगेच पूर्ववत झाली नाही तर एका हंगामात ती सैल लोंबेल. काखेची शिवण उलटी करून बघा, उसवायला सुरुवात तिथूनच होते. पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून दिवसा जा. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवा पसरा. ओला स्वेटर दोरीवर टांगला की खांदे उतरतात.

दुकानदारांना चिनी समजून बोलणारी गिऱ्हाइकं अजून भेटतात. हे फार टोचणारं आहे, कारण चीनच्या राजवटीमुळेच ही कुटुंबं देशोधडीला लागली. ऑक्टोबर 1950 मध्ये चिनी फौजा पूर्व तिबेटातल्या चामदोत घुसल्या, मे 1951 मध्ये तिबेटची राजधानी ल्हासाच्या प्रतिनिधींकडून सतरा कलमी करारावर सह्या घेतल्या गेल्या. त्यात स्वायत्तता आणि धर्म जपण्याचं वचन होतं. ते पाळलं गेलं नाही. 10 मार्च 1959 ला ल्हासात उठाव झाला, महिनाअखेरीस दलाई लामा भारतात पोचले आणि मागोमाग हजारो माणसं आली. अनेकांनी हिमालयात रस्त्यांवर खडी फोडली. पुढे कर्नाटकात बैलकुप्पे, मुंडगोड आणि आपल्या विदर्भात गोठणगावजवळ वसाहती झाल्या. पावसाळी पीक निघालं की हात रिकामे, म्हणून हिवाळ्यात स्वेटरचा धंदा. इथे दुकानात दलाई लामांचा फोटो उघड लावता येतो. तिबेटात त्याच फोटोपायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो. 1995 मध्ये दलाई लामांनी पंचेन लामा, म्हणजे तिबेटी बौद्धांतले त्यांच्याखालोखालचे धर्मगुरू, म्हणून घोषित केलेला सहा वर्षांचा मुलगा काही दिवसांतच चीननं ताब्यात घेतला, तो आजवर जगासमोर आलेला नाही. आता पुढचा दलाई लामा आपल्या मंजुरीनंच ठरावा हा बीजिंगचा हट्ट आहे. जुलै 2025 मध्ये दलाई लामांनी तो अधिकार आपल्याच गाडेन फोडरंग न्यासाचा असल्याचं स्पष्ट सांगितलं.

उणिवा दोन. कपडे बदलायला जागा नसते, म्हणून घरचा मापात बसणारा स्वेटर सोबत न्या आणि छाती-लांबी जुळवा. दुसरी, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही, मागाच. जानेवारीअखेर भाव उतरतात, पण तोवर मधली मापं संपलेली असतात. लोसार, म्हणजे त्यांचं नववर्ष, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं आणि त्याआधीच दुकानं आवरली जातात. बदलून घ्यायचं असेल ते आठवड्याच्या आत घ्या.