तळ्याकाठचं शिबिरस्थळ: भूत झकास, भुताचा कार्यक्रम टाकाऊ

आमच्या चर्चच्या तरुण संघातल्या मुलींना घेऊन या तळ्याकाठच्या रिट्रीटला राहून आले. आधी कामाचं सांगते. आवार स्वच्छ, चॅपेल लाकडी आणि देखणं, खोल्यांत दुमजली पलंग. गाद्या पातळ. न्हाणीघरं इमारतीबाहेर, त्यामुळे रात्री उठायचं तर विजेरीही लागते आणि सोबतीणही. सोबतीण सहजी मिळत नाही, कारण इथे ‘आजोबा’ असतात.

आजोबा म्हणजे इथलं भूत. कुणाचं, कधीचं, हे कुणी सांगत नाही आणि मला तेच आवडलं. बुडालेली नवरी, फास लावून घेतलेला पाळक, असली कहाणी कुणी गळ्यात मारत नाही. राखणदार काका त्यांच्याबद्दल घरातल्या खोडकर म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतात. खोड्याही त्याच जातीच्या. व्हरांड्यात काढलेल्या चपला सकाळी जोड्या मोडून लावलेल्या, प्रत्येकीची डावी शेजारणीच्या उजवीला. गीतपुस्तकांचा गठ्ठा उलटा. काठावर ओढून ठेवलेली होडी पहाटे तळ्याच्या मध्यावर, एकटीच, निवांत. आणि चॅपेलच्या भिंतीत ठकठक, तीही पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की नेमकी!

या ठकठकीला चर्चच्या इतिहासातच दाखला आहे. इंग्लंडमधल्या एपवर्थच्या पाळकघरात १७१६ च्या डिसेंबरात असंच ठोकणं सुरू झालं आणि १७१७ च्या जानेवारीतही ते चालू होतं. पुढे मेथडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्ली यांचं हे घर. ते स्वतः तेव्हा लंडनला शाळेत होते. बहिणींनी भुताला नाव देऊन टाकलं, ‘ओल्ड जेफ्री’. वडील सॅम्युएल वेस्ली राजा जॉर्जसाठी प्रार्थना करू लागले की जेफ्रीचा जोर वाढायचा. शेकोटीपाशी हे सांगितलं, तर आमच्या मुली घाबरायचं सोडून वादाला लागल्या: जेफ्रीचा राग राजावर होता की लांबलेल्या प्रार्थनेवर? पाळकसाहेब समोरच बसले होते. त्यांनी विषय बदलला.

मी पेटी वाजवते, म्हणून एक किस्सा सांगायलाच हवा. संध्याकाळच्या उपासनेत पहिलं गीत धरलं आणि खालच्या सप्तकातला एक सूर सुटेचना. मी बोट उचललं तरी तो रडतोच आहे. मागच्या बाकांवरून किंकाळी. दमट हवेत लाकूड फुगतं, पट्टी खालीच अडकते आणि भात्यात हवा असेपर्यंत सूर वाजत राहतो, एवढंच. पण मी ते लगेच सांगितलं नाही. मजा होती ती.

मध्यरात्री खिडकीशी कुणीतरी बोलतंय असं वाटतं, त्यामागेही तळंच आहे. शांत रात्री पाण्यालगतची हवा गार असते आणि वरची उबदार, त्यामुळे वर निघालेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि पलीकडच्या काठावरची कुजबुज अलीकडे ऐकू येते. होडीचं कोडंही असंच सुटतं. वारा पाणी एका काठाला लोटतो आणि वारा पडला की सगळं तळं सावकाश मागे-पुढे हिंदकळतं. स्विस संशोधक फोरेल यांनी एकोणिसाव्या शतकात जिनिव्हा सरोवरावर याचा कसून अभ्यास केला. तिथला मोठा हेलकावा सुमारे ७३ मिनिटांचा. छोट्या तळ्यात तो बराच लवकर पुरा होतो, आणि अर्धवट ओढलेली होडी अलगद उचलायला तो पुरत असावा. चपलांना मात्र हवा-पाणी लागू पडत नाही. माझा संशय राखणदार काकांवर आहे.

इथे एक गोष्ट जरा कडक शब्दांत लिहिते. होडी सुटली, तर ती आजोबांच्या खात्यावर टाकून हसायचं नसतं. जिथे मुलं राहतात तिथे प्रत्येक होडी खुंट्याला बांधलेली आणि वल्ही कुलपात हवीत. आम्ही सांगितल्यावर दोर आले. आम्ही येण्याआधीच असायला हवे होते.

आणि ती शनिवारची ‘भूत-फेरी’! वेगळे पैसे घेऊन झुडपात लपवलेला स्पीकर, धुराचं यंत्र आणि पांढऱ्या चादरीतला एक स्वयंसेवक. मुलींनी त्याला चपलांवरून ओळखलं. दुपारी त्यानेच लाइफ जॅकेट वाटली होती. स्पीकरमधलं हसणं थेट चॅपेलमध्ये पोहोचलं, जिथे मोठ्यांची मौन प्रार्थना चालू होती. ज्या जागेला आपसूक इतकं गोड भूत लाभलंय, तिने भाड्याचं आणावं कशाला? व्यवस्थापनाने ही फेरी सरळ बंद करावी.

फार लहान मुलांना आणू नका, त्या न्हाणीघरांमुळे. दहाबारा वर्षांपुढची मुलं मात्र खूश होतील. पाचपैकी चार तारे. अर्धा गाद्यांसाठी कापला, अर्धा त्या चादरीसाठी. नोंदणी करतानाच फेरी नको म्हणून लिहून द्या, म्हणजे ते पैसे लावत नाहीत.