२५ वर्षं गॅरंटीचं बांबू कुंपण आणि आमचे गेलेले २,०४,११६ रुपये

कॉलनीच्या बागेला, ओपन स्पेसला, गावच्या स्मृतिवनाला कुंपण करायचं चाललं असेल आणि कोणी "ट्रीटेड बांबू, झिरो मेंटेनन्स, २५ वर्षं गॅरंटी" असं लेटरहेडवर लिहून देत असेल तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. आमचे २,०४,११६ रुपये गेलेत. समितीची खजिनदार मी, ट्रान्सफर माझ्या मोबाईलवरनं झाली, आणि ज्यांच्या दारात वर्गणी मागायला मी गेले त्यातल्याच काही बायका आता किराणा दुकानात मला ऐकू येईल अशा बेताने बोलतात, की हिचं कमिशन असणार.

जागा नगरपालिकेची, झाडं मात्र आम्ही लावलेली. बहावा, कांचन, करंज, उन्हाळ्यात टँकर मागवून जगवलेली. कडेने ६२० फूट उघडं, म्हशी आणि शेळ्या सरळ आत. आधी लोखंडी अँगल आणि काटेरी तार होती, अँगल रात्रीत कापून भंगारात गेले आणि तारेत एका वासराचा पाय फाटला. चेनलिंक जाळी लोक दोन ठिकाणी वाकवून वाट पाडतात, लोखंडी ग्रिल म्हटलं की दर दोन-तीन वर्षांनी रंगाचा खर्च आलाच. म्हणून बांबू सगळ्यांना पटला. गंजत नाही, चोरून भंगारात विकता येत नाही, झाडांजवळ शोभतो. यात कुणाचं काय चुकलं सांगा!

रेट रनिंग फुटाला ३१०, म्हणजे १,९२,२००. वर १८ टक्के जीएसटी ३४,५९६. एकूण २,२६,७९६. अर्धे आधी, ४० टक्के माल उतरल्यावर, उरलेले १० टक्के काम झाल्यावर. घरटी ४,००० प्रमाणे ४६ घरांची वर्गणी आणि ज्येष्ठ नागरिक मंडळाचे २५,००० जमवून जूनमध्ये १,१३,३९८ पाठवले आणि ऑगस्टमध्ये ९०,७१८.

आम्ही डोळे मिटून पैसे दिले नाहीत. तीन कोटेशन घेतली. सँपल मागितलं, हातभर लांब, जड, कापलेल्या तोंडाला औषधाची हिरवट झाक, ते महिनाभर पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलं, काही झालं नाही. ठेकेदाराने मोबाईलवर वणी-वरोरा हायवेच्या बांबू क्रॅश बॅरियरचा, म्हणजे रस्त्याकडेच्या कठड्याचा, व्हिडिओ दाखवला. ते काम खरं आहे, २०२३ साली २०० मीटर बसवलं आणि गडकरींनी स्वतः जाहीर केलं. "मॅडम, सेम टेक्नॉलॉजी आहे आपली." त्या बॅरियरच्या बांबूला क्रिओसोट तेलाची प्रक्रिया होती आणि वरून रिसायकल्ड एचडीपीई प्लास्टिकचा थर होता, हे मला नंतर वाचून कळलं. सरकारी रस्त्यावर लागलेली वस्तू बघून विश्वास बसणार नाही तर कशावर बसणार? दुसऱ्याचं काम दाखवून स्वतःचा माल विकणारे हे लोक असतातच, आणि सँपलही असंच दुसऱ्याच कुणाच्या तरी मालातलं होतं.

आता तो दिवस. ट्रक आला तेव्हा पाऊस होता. खांब उतरवताना एका पोराच्या तळव्याला हिरवा रंग लागला. मी बघितलं. खाली जो ढीग रचला त्याच्याखाली फरशीवर पिवळसर पीठ पडलेलं होतं, अगदी बारीक, टाल्कम पावडरीसारखं, आणि खांबांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं. मी ठेकेदाराला विचारलं हे काय, तो म्हणाला, "काही नाही मॅडम, कटिंगचा भुसा आहे." आणि मी गप्प बसले. कटिंगचा भुसा असला तर तो दाणेदार असतो, ढलप्या असतात, एवढं सुतारकाम घरात बघून मला ठाऊक आहे. ते पीठ भुंग्याचं होतं. पावसाळ्यात तोडलेल्या कोवळ्या बांबूत पिष्ट भरपूर असतं, त्यावर भुंगा तुटून पडतो, म्हणूनच जुनी माणसं थंडीत आणि तीन वर्षांवरचाच बांबू तोडतात. एक खांब तिथेच करवतीने मधोमध कापायला लावला असता तर आतून पांढराफटक निघाला असता. हिरवा होता तो नुसता बाहेरून मारलेला डिस्टेंपर. पण ट्रकवाला भाड्यासाठी खोळंबलेला, तो माणूस सारखा "टेन्शन घेऊ नका" करत होता, पाऊस चालू, समितीची बाकीची माणसं हजेरी लावून घरी गेलेली. अशा वेळी एकट्या बाईने ट्रक परत पाठवायचा म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यानेच मला शिकवावं. मी ९०,७१८ पाठवले. आजही रात्री तेच पीठ दिसतं.

खांबाच्या बुडाला एचडीपीईची टोपी देणार होता. प्रत्यक्षात ड्रेनेजच्या पाइपाचे तुकडे नुसते घातलेले, खालून उघडे, त्यात पाणी साचून बूड आणखी लवकर कुजलं. प्रक्रिया न केलेला बांबू मातीत गाडला की वर्ष-दोन वर्षंच काढतो, आमचा दिवाळीलाच बोटाने दाबला की आत जायला लागला. जानेवारीत एक म्हैस अंग घासायला टेकली आणि आठ फुटांचं पॅनल आडवं. तोवर फोन "कॉल बॅक करतो"वरून स्विच ऑफवर गेला होता.

बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर "सर्च टॅक्सपेअर"मध्ये टाका, दोन मिनिटं लागतात, फुकट आहे. आमच्यावाल्याचा रद्द झालेला होता आणि तरी त्याने जीएसटीच्या नावाखाली आमच्याकडून पैसे घेतले. बँक खातं फर्मच्या नावाचं आहे का बघा, आमचं कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावाचं निघालं.

आणि आता तक्रारीचं ऐका, कारण खरा संताप इथे आहे. पोलिस ठाण्यात पहिलं वाक्य, "माल तर आला ना? मग ही दिवाणी बाब आहे." अहो, खोटा जीएसटी नंबर, खोटं सँपल, खोटी गॅरंटी, ही भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) कलम ३१८ची फसवणूक नाही तर काय आहे? अर्ज घेतला, पोचीचा शिक्का मागितला तर साहेब नाहीत. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर तुम्ही स्वतःहून पाठवलेत, हे सायबर नाही. जीएसटीवाले म्हणाले ऑनलाइन टाका, टाकलं, उत्तर नाही. बँकेने खातेदाराची माहिती द्यायला नकार दिला. आणि नगरपालिका! जिने एनओसी देताना एकदाही येऊन बघितलं नाही, जिच्या जागेवर आम्ही स्वतःच्या पैशाने झाडं जगवली, तिने आम्हालाच नोटीस पाठवली की धोकादायक कुंपण सात दिवसांत स्वखर्चाने काढा, नाहीतर दंड. काढण्याचे मजुरीचे ६,५०० पुन्हा आमच्याकडून. त्या माणसाला एक कागद नाही, आम्हाला मात्र शिक्क्यानिशी नोटीस, आणि ती द्यायला शिपाई माझ्याच दारात, शेजारीपाजारी बघतायत.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर भांडत बसू नका, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३(४) खाली एसपींना लेखी पाठवा, स्पीड पोस्टाने, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार टाकता येते. आम्हाला तिथे "समिती रजिस्टर नाही" म्हणून अडवलं, मग अनेक ग्राहकांचं हित एक आहे या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५च्या तरतुदीखाली परवानगी मागून पुन्हा टाकली. त्याला काढलेली नोटीस "पत्ता सापडला नाही" म्हणून परत आली आहे.

बांबू वाईट नाही, हे मला सांगायलाच हवं, नाहीतर उद्या सगळे पुन्हा काटेरी तारेकडे वळतील. कोणतं केमिकल वापरलं ते बिलावर लिहून घ्या आणि आयएस ९०९६ या भारतीय मानकाप्रमाणे प्रक्रिया केल्याचं सर्टिफिकेट मागा. नुसतं बोरॅक्स-बोरिक म्हणाला तर ते घरातल्या फर्निचरला, उघड्यावर पावसात धुऊन जातं. बांबू मातीत गाडू नका, काँक्रीटच्या ठोकळ्यात लोखंडी पट्टी बसवून जमिनीच्या वर उभा करा. पूर्वीचं काम दाखव म्हणाल तर फोटो नको, तीन पावसाळे झालेलं कुंपण प्रत्यक्ष जाऊन खांबाच्या बुडाशी नख लावून बघा. आणि किमान ३० टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, त्याला चालत नसेल तर त्याने जावं.

आम्ही आता कडेने निर्गुडी आणि अडुळसा लावलाय, जनावरं तोंड लावत नाहीत, आणि म्हशींच्या वाटेवर काटेरी चिलार. दोन पावसाळे लागतील.

मागच्या महिन्यात माझ्या भाचीला एक फॉरवर्ड आला, त्यात तेच हिरवे खांब कुठल्यातरी बागेत रचून ठेवलेले, तेच "२५ वर्षं", नंबर नवा. गाव कळत नाही. तुमच्याकडे असे खांब उतरले असतील तर दुसरा हप्ता थांबवा आणि एक खांब आजच मधोमध कापून बघा.