अपिलासाठी सोशल वर्करचा रिपोर्ट: पैसे कुठे वसूल होतात, कुठे पाण्यात जातात

ब्रिटनमध्ये व्हिसा नाकारल्यावर अपील करायचं ठरलं आणि घरात मुलं असली, की वकील बहुधा एक खर्च सुचवतात: स्वतंत्र सोशल वर्करचा रिपोर्ट, म्हणजे मुलाची परिस्थिती पाहून लिहिलेला तज्ज्ञाचा अहवाल. सेवा कामाची आहे, पण सरसकट सगळ्यांनी घ्यावी अशी नाही.

आधी मुलाची वर्षं मोजा. मूल ब्रिटिश असेल किंवा सलग 7 वर्षं तिथे राहिलं असेल, तर 2002 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 117बी(6) कामी येतं. अशा मुलाने देश सोडावा ही अपेक्षा वाजवी नसेल, तर त्याला सांभाळणाऱ्या पालकाला घालवण्यात सार्वजनिक हित उरत नाही (हद्दपारीच्या केसला हे कलम नाही, तिथली कसोटी कितीतरी कडक). सारा खेळ ‘वाजवी’ या एका शब्दावर, म्हणून रिपोर्ट इथे वसूल होतो. मूल 3 वर्षांचं, दोन्ही पालकांना व्हिसा नाही, परतायचं तर सगळे एकत्रच, अशा केसमध्ये तो क्वचितच पारडं फिरवतो. मुलाचं हित जपायला सांगणारं 2009 च्या कायद्याचं कलम 55 तिथेही आहे. पण सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या झेडएच (टांझानिया) निकालाने मुलाचं हित आधी पाहायला सांगितलं, तरी इतर बाबी मिळून त्यावर मात करू शकतात हेही मान्य केलं.

चांगला रिपोर्ट पहिल्या दोन पानांत ओळखू येतो. ‘मूल गोड, बोलकं आहे’ याचा न्यायाधीशाला काही उपयोग नाही. शाळेत कोण सोडतं, इनहेलर कोण देतं, मराठी कळते पण देवनागरी वाचता येते का, हे हवं. होम ऑफिसचा (ब्रिटनच्या गृहखात्याचा) वकील ‘भाषा येतेच की’ म्हणतो, तेव्हा हेच उत्तर असतं. शाळा आणि मित्रांवर जागा खर्च झालेली बरी. वयाच्या चौथ्या वर्षापासून पुढची 7 वर्षं जन्मापासूनच्या 7 वर्षांपेक्षा वजनदार, असं अपर ट्रायब्युनलने (अपिलांच्या वरच्या न्यायाधिकरणाने) 2013 मध्येच सांगितलंय.

एकच व्हिडिओ कॉल आणि तोही आईवडील शेजारी बसलेले असताना, एवढ्यावर लिहिणाऱ्याला पैसे देऊ नका. किमान एक घरभेट हवी, मुलाशी एकट्याने बोलणं हवं, शाळेची कागदपत्रं वाचलेली हवीत. लेखकाचं नाव सोशल वर्क इंग्लंड या नियामक संस्थेच्या रजिस्टरवर तपासा. ‘परत पाठवणं अवाजवी ठरेल’ असं तो स्वतःच लिहून मोकळा झाला, तर ते काम न्यायाधीशाचं आहे, रिपोर्टचं वजन उलट घटतं. मुलाला मानसिक आजाराचं लेबल लावलं तरी तेच, कारण ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम.

सर्वात महागात पडते ती विसंगती. रिपोर्ट म्हणतो ‘भारतात कुणाशी संबंध नाही’ आणि वडिलांच्या जबाबात आजीला दर रविवारी फोन! उलटतपासणी तिथूनच सुरू होते. म्हणून जबाबाचा मसुदा इन्स्ट्रक्शनच्या पत्रासोबतच (सोशल वर्करला काम सोपवणाऱ्या पत्रासोबत) पाठवा.

ब्रिटनमधूनच अपील असेल तर ते 14 दिवसांत दाखल करायचं असतं, रिपोर्टसाठी थांबू नका, तो नंतर बंडलमध्ये (सुनावणीच्या कागदपत्रांच्या संचात) जातो. सुनावणी लांबली की मात्र तो शिळा होतो. पुरवणी भेटीचे पैसे किती, हे पहिल्या कोटेशनमध्येच लिहून घ्या.