लाकडी पॅकिंगसाठी हीट ट्रीटमेंट की मिथाइल ब्रोमाइड?

निर्यातीच्या मालाखालचं पॅलेट (लाकडी चौकट) आयएसपीएम-१५ मध्ये, म्हणजे लाकडातून कीड परदेशात पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात, बसवायचं तर बहुतेकांपुढे हेच दोन मार्ग असतात. माझं मत आधीच सांगतो: जमेल तिथे हीट ट्रीटमेंटच करा.

त्यात लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं राहावा लागतो. गाभा, भट्टीतली हवा नव्हे! म्हणून सगळ्यात जाड फळीला भोक पाडून सेन्सर थेट मध्यापर्यंत घालतात आणि भोक नीट बुजवतात. ते उघडं राहिलं, तर गरम हवा आत शिरते, आकडा ५६ दाखवतो आणि आतली अळी जिवंत राहते. आणखी एक, हीट ट्रीटमेंट म्हणजे वाळवणं नव्हे. ओलं लाकूड नंतर बुरशी धरू शकतं.

मिथाइल ब्रोमाइड या कीड मारणाऱ्या वायूला भट्टी लागत नाही, ताडपत्रीखालीही धुरी देता येते. पण किमान २४ तास लागतात, तापमान १० अंशांखाली चालत नाही आणि २० सेंटिमीटरपेक्षा जाड लाकडाला ही पद्धत लागू नाही. साल धुरीआधीच काढावी लागते. शिवाय हा वायू माणसाला विषारी, ओझोनच्या थरालाही घातक. युरोपीय संघात २०१० पासून त्याची धुरी बंद आहे.

प्रक्रिया झालेल्या लाकडावरच्या शिक्क्यावर गव्हाच्या लोंबीशेजारी ‘एचटी’ (हीट ट्रीटमेंट) किंवा ‘एमबी’ (मिथाइल ब्रोमाइड) येतं. प्लायवूडला मात्र यातलं काहीच लागत नाही.